पाळक, वडील आणि एकच पेला: जालना-बेथेलच्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या इतिहासाची प्रस्तावना

बिदर, भालकी, औराद किंवा कलबुर्गीकडच्या मराठी माणसाला चर्च म्हटले की मेथडिस्ट चर्च आठवते, आणि ते साहजिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीअखेरीस अमेरिकन मेथडिस्टांनी या भागात बस्तान बसवले. बिदरच्या मंगलपेठेतले चर्च आणि मिशनचा दवाखाना शहराच्या ओळखीचा भाग होऊन गेले, आणि खेड्यापाड्यांतून मादिग-होलेय, मांग-महार समाजांतली माणसे त्या मंडळीत आली. त्यामुळे याच मुलखाच्या इतिहासातले एक जुने पान सहसा उघडले जात नाही. ते जालन्याचे आहे. आज जालना महाराष्ट्रात आणि बिदर-कलबुर्गी कर्नाटकात असली, तरी १९५६ पर्यंत ही सगळी ठिकाणे एकाच हैदराबाद राज्यात होती. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तर बिदर जिल्ह्यातच मोडत. पाटील-कुळकर्ण्यांचे वतन, देशमुखी, निजामाचा मुलकी अंमल आणि गावकुसाबाहेरचा मांगवाडा-महारवाडा यांची घडण दोन्हीकडे सारखीच. या घडणीच्या आत, मेथडिस्ट बिदरला येण्याच्या किमान एक पिढी आधी, स्कॉटलंडच्या फ्री चर्चची एक प्रेस्बिटेरियन मंडळी जालन्याला उभी राहिली आणि तिने शहरालगत बेथेल नावाचे एक गावच वसवले. सीमाभागातल्या वाचकाने हा इतिहास परक्या जिल्ह्याचा मानू नये. त्याच्या आजोबा-पणजोबांच्या राज्यातलाच तो आहे.

हा इतिहास जेव्हा सांगितला जातो, तेव्हा तो एका माणसाचे चरित्र म्हणून सांगितला जातो. रेव्हरंड नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातला तरुण, मुंबईत मिशनच्या शाळेत शिकला, ख्रिस्ती झाला, जालन्याला गेला, दलितांना मंडळीत आणले, बेथेल वसवले आणि पागोटे घालून थेट न्यूयॉर्कच्या सभेत बोलला. यात खोटे काही नाही. नारायणराव खरोखरच मोठे होते आणि त्यांचे नाव मराठीत आजच्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असायला हवे. तरीही मला हा आराखडा अपुरा वाटतो, आणि का अपुरा वाटतो ते मांडण्यासाठीच ही प्रस्तावना आहे. प्रेस्बिटेरियन मंडळी ही तिच्या घटनेनुसारच एका माणसाची असू शकत नाही. तिचा कारभार सभासदांनी निवडलेल्या वडिलांकडे असतो. जालन्याच्या मंडळीत हे सभासद बहुतांशी मांग आणि महार होते. गावच्या चावडीवर ज्यांना बसायला जागा नव्हती, त्यांना निवड, इतिवृत्त, जबाब आणि अपील या गोष्टी या मंडळीने निजामी मुलखात फार लवकर हाती दिल्या. जालन्याच्या इतिहासाचा कणा हा आहे आणि नारायणरावांचे चरित्र या कण्याला जोडून वाचले पाहिजे.

त्यासाठी आधी १८४३ या सालाकडे पाहू. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये त्या वेळी एक जुना वाद विकोपाला गेला होता. गावच्या चर्चवर पाळक कोणी नेमायचा? जमीनदाराला, म्हणजे तिथल्या आश्रयदात्याला, हा कायदेशीर हक्क होता, आणि मंडळीला नको असलेला पाळकही तो तिच्यावर लादू शकत असे. न्यायालयांनी जमीनदारांच्या बाजूने निकाल दिले. अखेर १८ मे १८४३ रोजी एडिंबरोच्या जनरल असेंब्लीतून पाळकांचा एक मोठा गट उठून बाहेर पडला. पुढे साडेचारशेहून अधिक पाळकांनी चर्चची घरे, पगार आणि इमारती सोडल्या आणि थॉमस चाल्मर्स यांच्या नेतृत्वाखाली फ्री चर्च स्थापन केले. हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी, कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ काय किंवा मुंबईचे जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट काय, सगळे या नव्या चर्चबरोबर गेले आणि त्यांनाही आपापल्या शाळांच्या इमारतींवर पाणी सोडावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत नेस्बिट यांनी नारायण शेषाद्री यांना बाप्तिस्मा दिला. म्हणजे नारायणराव ज्या चर्चमध्ये आले ते तेव्हा जेमतेम चार महिन्यांचे होते, आणि पाळक निवडण्यात मंडळीचा शब्द चालला पाहिजे याच एका मुद्द्यावर ते जन्माला आले होते. मराठी लेखनात हा संदर्भ बहुधा गळतो. तो गळला की नारायणरावांचे धर्मांतर हिंदू धर्मातून ख्रिस्ती धर्मात एवढेच उरते. कोणत्या ख्रिस्ती परंपरेत, कोणत्या शिस्तीत, हा प्रश्नच कोणी विचारत नाही.

मुंबईत मात्र त्या वर्षी गाजला तो नारायणरावांच्या धाकट्या भावाचा, श्रीपतचा खटला. हा बारा वर्षांच्या आसपासचा मुलगा भावाबरोबर मिशनरींकडे राहिला आणि त्यांच्यात जेवला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात दाद मागितली व कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मग त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर ब्राह्मण समाजात दोन तट पडले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे अशी बाजू बाळशास्त्री जांभेकर यांनी धरली आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मराठी समाजसुधारणेच्या इतिहासात हे प्रकरण बाळशास्त्र्यांच्या धैर्याचे उदाहरण म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. पण याच प्रकरणाने ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाची कहाणी ही एका घराची, एका जातीची, कोर्टकचेरीची कहाणी म्हणून ठरवून टाकली. नारायणरावांची पुढची अठ्ठेचाळीस वर्षे त्या चौकटीत मावत नाहीत. त्यांनी अध्यापन केले, १८५४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि मुंबईतले तुलनेने सुरक्षित जीवन सोडून ते १८६०च्या दशकात जालन्याला आले.

जालनाच का? कारण तिथे छावणी होती. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद आणि बोलारमप्रमाणे जालन्यालाही हैदराबाद कंटिन्जंटचे ठाणे होते. निजामाच्या मुलखात असूनही छावणीच्या हद्दीत इंग्रज रेसिडेंटचा शब्द चाले आणि मिशनला पाय ठेवायला जागा मिळे. छावणीबरोबर बाजार आला, कामे आली, आणि आसपासच्या खेड्यांतली गावकुसाबाहेरची माणसे मोलमजुरीसाठी तिथे येऊ लागली. नारायणरावांचा संबंध प्रथम याच माणसांशी आला. ब्राह्मण तरुणांना युक्तिवादाने जिंकून घ्यावे, ही मुंबईतल्या विल्सन-नेस्बिटांची रीत. जालन्यात ती जवळजवळ निरुपयोगी ठरली आणि मांगवाड्यातून मात्र लोक येऊ लागले. पुढे हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी मिशनला शहराजवळ जमीन दिली आणि काही वर्षांसाठी तिचा सारा माफ केला. तिथे चर्च, शाळा, विहिरी, घरे आणि कामाच्या जागा असे बेथेल उभे राहिले. एका मुसलमान राज्याच्या मुसलमान दिवाणाने ब्राह्मण घरात जन्मलेल्या ख्रिस्ती पाळकाला मांग कुटुंबांच्या वसाहतीसाठी जमीन द्यावी, या घटनेकडे आपल्या इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. सालारजंगांच्या कारभाराचा अभ्यास करणारे तिचा उल्लेख महसुली सुधारणांच्या ओघात करतील, चर्चचे इतिहासकार ती देवाची कृपा म्हणून नोंदवतील. मला ती दख्खनच्या राजकारणाची खूण वाटते. पडीक जमीन कसायला हात हवे होते आणि राज्यकर्त्याला त्या हातांची जात आड येत नव्हती.

आता मंडळीच्या कारभाराकडे वळू, कारण सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. प्रेस्बिटेरियन मंडळीत पाळक असतो आणि त्याच्याबरोबर वडील असतात. दोघे मिळून सेशन होते. वडील म्हणजे वयाने म्हातारा असे नाही. प्रभुभोजनात भाग घेणाऱ्या सभासदांनी निवडलेला आणि रीतसर नेमलेला तो मंडळीचा कारभारी. कोणाला मंडळीत घ्यायचे, कोणाचे वागणे बिघडले म्हणून प्रभुभोजनापासून दूर ठेवायचे, पश्चात्ताप केल्यावर कोणाला परत घ्यायचे, गरिबांचा पैसा कसा वाटायचा, हे सगळे सेशन ठरवते. प्रत्येक बैठक प्रार्थनेने सुरू होते, प्रार्थनेने संपते आणि तिचे इतिवृत्त लिहिले जाते. ते इतिवृत्त वरच्या प्रेसबिटरीला तपासायला द्यावे लागते. प्रेसबिटरीत पाळक आणि वडील बरोबरीने बसतात. तिच्यावर सिनोड आणि त्याच्यावर जनरल असेंब्ली. कोणाही सभासदाला सेशनचा निर्णय अन्यायाचा वाटला तर तो प्रेसबिटरीकडे अपील करू शकतो, आणि ते ऐकून घ्यावेच लागते. ज्या मंडळीत बहुसंख्य सभासद मांग-महार आहेत, तिथे वडील त्यांच्यातूनच यावे लागतात, कारण दुसरीकडून आणायला माणसेच नसतात.

या व्यवस्थेचे खरे तेज दिसते ते प्रभुभोजनाच्या दिवशी. स्कॉटिश परंपरेत पाळक भाकर मोडतो आणि द्राक्षारसाचा पेला उचलून आशीर्वाद मागतो. त्यानंतर भाकरीचे ताट आणि पेला लोकांपर्यंत नेतात ते वडील. रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हातात पेला जातो, तो एक घोट घेतो आणि शेजाऱ्याकडे देतो. प्रत्येकाची वेगळी छोटी पेली ही नंतरची रीत, तेव्हाचा पेला सगळ्यांत एकच असे. आता ही कृती एकोणिसाव्या शतकातल्या मराठवाड्यात ठेवून पाहा. ज्याच्या सावलीचा विटाळ होतो, ज्याला गावच्या विहिरीतून ओंजळभर पाणी घेता येत नाही, ज्याच्या मडक्याला कोणी हात लावत नाही, तो माणूस हातात पेला घेऊन ओळीने फिरतो, आणि ब्राह्मण कुळात जन्मलेला पाळकही त्याच पेल्याला ओठ लावतो. समतेवर शंभर व्याख्याने झाली तरी त्यांचा असा परिणाम झाला नसता. इथे समता दर प्रभुभोजनाला आपापल्या तोंडाने पुन्हा कबूल करावी लागत होती. ज्याला ती कबूल करता येत नसे, त्याने पेला पुढे सारला तर शेजाऱ्याला लगेच दिसे.

चर्चच्या चार भिंतींबाहेर याच माणसाला काय होते, ते ताडून पाहिले पाहिजे. मराठवाड्यातल्या गावात मांग हा बलुतेदार होता. दोरखंड वळावे, केरसुण्या कराव्यात, हलगी वाजवावी, रखवाली करावी आणि सुगीला खळ्यावर बलुते मागावे. गावचे दप्तर कुळकर्ण्याच्या घरी असे आणि तंटा निघाला तर निवाडा पाटलाच्या शब्दाने होई. निजामी अमलात सामान्य रयतेला निवडणूक नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती. हैदराबाद राज्यातल्या सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांनी पहिले मत टाकले ते १९५१-५२च्या सार्वत्रिक निवडणुकीत. त्याच्या कितीतरी आधी जालन्याच्या मंडळीतला मजूर वडील निवडण्यासाठी हात वर करत होता, आणि निवडून आलेला वडील वर्षाचा हिशोब व इतिवृत्त प्रेसबिटरीपुढे ठेवत होता. स्थानिक स्वराज्याचा व्हाइसरॉय रिपनचा ठराव १८८२चा, आणि तोही ब्रिटिश हद्दीपुरता, मालमत्ता असलेल्या मतदारांपुरता. वडील एकदा नेमला की तहहयात असे, दर काही वर्षांनी निवडणूक होत नसे, हे खरे. आधुनिक लोकशाहीची सगळी लक्षणे या व्यवस्थेत होती असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण कारभार्‍याला आपण निवडतो, तो लेखी जाब देतो आणि त्याच्याविरुद्ध दाद मागता येते, या तीन गोष्टी तिच्यात होत्या. गावगाड्यात मांगाला यांपैकी एकही नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ही माणसे पोटासाठी ख्रिस्ती झाली, जमीन मिळाली, धान्य मिळाले, १८७६-७८चा दुष्काळ आला, आणि भाकरीसाठी बाप्तिस्मा झाला. तेव्हा कसले सेशन आणि कसली निवड? आक्षेपात तथ्याचा अंश आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. दुष्काळात मिशनच्या दारी आलेल्या लोकांना पोटाची चिंता होती. पण या आक्षेपात एक दुहेरी माप दडलेले आहे. नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या विचारांची, वाचनाची, मनातल्या द्वंद्वाची चर्चा होते. त्यांच्याच हातून बाप्तिस्मा घेणाऱ्या मांगाबद्दल मात्र फक्त पोटाची चर्चा होते. ब्राह्मणाला डोके आणि मांगाला पोट, ही वाटणी कोणी केली? मांग समाजाला धर्मावर विचार करता येत होता याचा लेखी पुरावा आपल्यापाशी आहे. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. ज्या धर्मात आपल्याला वेद पाहण्याचा अधिकार नाही तो धर्म आपला कसा आणि मग आपला धर्म कोणता, असा सरळ प्रश्न त्या चौदा वर्षांच्या मुलीने विचारला. जालन्याच्या मिशनच्या आधीचा हा निबंध आहे. म्हणजे प्रश्न आधीच हवेत होता, नारायणराव नंतर आले. आणि भाकरीचेच म्हणायचे, तर बलुत्यासाठी खळ्यावर हात पसरायचा की स्वतःच्या मेहनतीची भाकर खायची, ही निवड काही क्षुल्लक नाही. सन्मानाने जेवता यावे ही इच्छा धर्माबाहेरची आहे असे जो म्हणतो, त्याने कधी उपाशीपोटी शिळे मागितले नसावे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. सेशन आणि प्रेसबिटरी कागदावर स्वतंत्र असतील, पण पैसा स्कॉटलंडहून येत होता, आणि ज्याचा पैसा त्याचा शब्द. बहुतेक मिशन क्षेत्रांत हे घडले आहे. चर्चच्या कोर्टांमध्ये हिंदी पाळक परदेशी पाळकांच्या बरोबरीने बसत, मात्र पगार, इमारती आणि नेमणुका यांचे निर्णय मिशनच्या वेगळ्या मंडळात होत, आणि तिथे हिंदी माणसाला दीर्घकाळ जागा नव्हती. अमेरिकन मराठी मिशनमध्येही याच प्रश्नावर वणवा पेटला. त्या मिशनच्या बोस्टनमधल्या मूळ संस्थेचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ साली पाहणीला आले आणि स्थानिक मंडळ्या स्वयंशासित, स्वावलंबी झाल्या पाहिजेत असा आग्रह धरताना त्यांनी मिशनच्या इंग्रजी शाळांवर कात्री चालवली. अहमदनगर आणि कोल्हापूरला काम केलेल्या रॉयल वाइल्डर यांनी त्याविरुद्ध दंड थोपटले. ते आपल्या संस्थेतून बाहेर पडले, कोल्हापुरात स्वतंत्रपणे राहिले आणि १८७० साली अमेरिकन प्रेस्बिटेरियनांना जाऊन मिळाले. कोल्हापूर, सांगली, मिरज, कोडोली, वेंगुर्ले या भागातला प्रेस्बिटेरियन वारसा तिथून येतो. परदेशी पैशाचा हा ताण असा सगळ्या मराठी मुलखात होता. जालन्याचे वेगळेपण असे की तिथल्या ठाण्याचा प्रमुखच हिंदी होता. नारायणराव स्वतः स्कॉटलंड, अमेरिका आणि कॅनडात जाऊन निधी उभा करत. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले ते जालन्याच्या मंडळीच्या वतीने. पैसा बाहेरचाच होता, पण तो मागणारा आणि खर्च करणारा मराठी माणूस होता. परावलंबन यामुळे संपत नाही, पण परदेशी मिशनऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या मंडळीपेक्षा ही स्थिती वेगळी होती एवढे मानावेच लागते.

याच उत्तरातून तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. परदेशी साहेबाऐवजी ब्राह्मण पाळक आला, म्हणजे मांगांच्या डोक्यावर पुन्हा ब्राह्मणच बसला की! शिवाय गावापासून तोडून वेगळी वसाहत केली, त्यामुळे मिशनवरचे अवलंबन वाढले. नारायणरावांचा बेथेलवर वडीलधाऱ्याचा वचक होता यात शंका नाही. ज्याने जमीन मिळवली, विहीर खोदवली, शाळा काढली, त्याच्यापुढे सेशनमधला नवशिका वडील किती ताठ बसू शकेल, हा प्रश्न वाजवी आहे. १८९१ साली ते वारले, आणि त्यांनी कल्पिलेली वसाहत त्या रूपात पुढे वाढली नाही, हेही या आक्षेपाच्या बाजूने मांडता येते. मांग आणि महार यांच्यातली जुनी तेढ चर्चच्या दारात आपोआप विरघळली नाही. वडील होण्याचा हक्क स्त्रियांना मिळायला तर विसावे शतक निम्म्याहून अधिक उलटावे लागले, खुद्द स्कॉटलंडच्या चर्चमध्ये तो १९६६ साली मिळाला. या सगळ्या उणिवा मान्य करूनही माझा मुद्दा उरतो तो असा: एखाद्या थोर माणसाच्या वचकाखालीसुद्धा ज्या व्यवस्थेत इतिवृत्त लिहावे लागते, ठराव मांडावा लागतो, मत घ्यावे लागते, ती माणसाला कारभार शिकवते. वसाहत नारायणरावांनंतर खंगली, मंडळी टिकली. माणसावर उभे असलेले गेले आणि व्यवस्थेवर उभे असलेले राहिले, यापेक्षा चांगला पुरावा मला दाखवता येणार नाही.

इथे बिदर-कलबुर्गीच्या वाचकाला आपल्या अनुभवाशी तुलना करता येईल. मेथडिस्ट व्यवस्थेत पाळक मंडळी निवडत नाही, त्याची नेमणूक बिशप करतो. काही वर्षांनी बदली होते, जिल्ह्यावर डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट असतो आणि वार्षिक कॉन्फरन्सला यादी वाचली जाते. या पद्धतीचे स्वतःचे बळ आहे. गरीब खेड्यातल्या मंडळीलाही पाळक मिळतो, मग तिला पगार देणे परवडो वा न परवडो. प्रेस्बिटेरियन पद्धतीत मंडळीने पाळकाला बोलवायचे आणि पोसायचे, त्यामुळे दरिद्री मंडळ्या फार काळ पाळकाविना राहतात. बिदरच्या खेड्यांत मेथडिस्टांचा जो पसारा झाला, त्यामागे ही नेमणुकीची सोय आहे असे मला वाटते. पण त्याची दुसरी बाजू अशी की मेथडिस्ट खेडुताला आपल्या पाळकाबद्दल मत देण्याची सवय कमी लागली. एकाच निजामी मुलखात, जवळपास एकाच थरातल्या लोकांमध्ये, चर्चच्या कारभाराचे दोन निरनिराळे प्रयोग शेजारी शेजारी चालले होते. त्यांचा तुलनात्मक अभ्यास मराठीत झाला पाहिजे. कन्नडमध्येही झाला पाहिजे, कारण बिदरच्या मंडळीत दोन्ही भाषा, आणि त्यांच्या जोडीला दखनी, रोज बोलल्या जातात.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९०४ साली देशातल्या बहुतेक प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या. १९२४ साली काँग्रिगेशनल मंडळ्यांसह युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. जालना त्यात गेले. मेथडिस्ट शेवटच्या घडीला बाहेर राहिले आणि १९८१ साली त्यांचे मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झाले. त्यामुळे आज जालना आणि बिदर यांच्यात राज्याची सीमा आहे तशी चर्चचीही आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशप आले आणि सेशनच्या जागी पास्टरेट कमिटी आली. काहींच्या मते त्या दिवशी प्रेस्बिटेरियन इतिहास संपला. मला तसे वाटत नाही. पास्टरेट कमिटी आजही सभासदांच्या मतांनी निवडली जाते. तिच्या निवडणुका चुरशीने लढल्या जातात, मालमत्तेवरून वाद होतात, कोर्टकज्जे होतात, आणि बाहेरच्यांना ते पाहून खेद वाटतो. पण आपल्या मंडळीचा कारभार आपल्याला विचारून झाला पाहिजे असे ठामपणे मानणारी माणसे असल्याशिवाय एवढी चुरस होत नाही.

एक व्यावहारिक बाब उरते आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. तो १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाला, ख्रिस्ती दलितांना अजून नाही. त्यामुळे जालना असो वा बिदर, अनेक कुटुंबांना सरकारी कागदावर एक आणि चर्चच्या नोंदवहीत दुसरे असे जगावे लागले. अशा कुटुंबांचा इतिहास लिहिताना नावे, घराणी आणि गावे उघडी करण्यात धोका आहे, आणि लेखकाने तो ओळखून वागले पाहिजे. जिवंत माणसांच्या बाबतीत मौन योग्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या बाबतीत मात्र हे मौन अन्यायाचे ठरते. परदेशी अहवाल निधी मिळवण्यासाठी लिहिले गेले. वाचणाऱ्याचे मन द्रवेल अशा एका नायकाची त्यांना गरज होती, आणि नारायणराव त्या जागी चपखल बसले. बाकीची माणसे ‘एक मांग’, ‘काही धर्मांतरित’, ‘आमचे देशी बंधू’ अशा शब्दांत विरून गेली. म्हणून जालन्याच्या इतिहासाचे काम अहवालांपासून सुरू न करता बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींपासून आणि सेशनच्या इतिवृत्तांपासून सुरू करावे. जिथे ती हाती लागतील तिथे आधी निवडलेल्या वडिलांची नावे उतरून काढावीत: कोणत्या गावचा, कोणत्या साली निवडला, कोणत्या ठरावाला त्याने विरोध केला. पाळकाच्या मताविरुद्ध गेलेला एक ठराव जरी सापडला, तरी नारायणरावांच्या सगळ्या परदेशी भाषणांपेक्षा तो या मंडळीबद्दल जास्त सांगेल.